दिसलेलं आणि ठरवलेलं

गुरुवार, १२ डिसेंबर. आज शाळेत सहा तास झाले. पाच विज्ञानाचे आणि शेवटचा मानसशास्त्राचा. घरी यायला साडेपाच वाजले. आई आत्याकडे गणेशपुरीला गेली आहे, त्यामुळे घरात मी एकटीच. चहा करून प्यायले आणि नववीच्या वह्या तपासायला घेतल्या. चार वह्या झाल्या. पुढे हात चालेना, म्हणून हे लिहायला बसले.

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण फार बोलायचो असं नाही. जेवायला चला, पेपर कुठे ठेवला, फी भरायची आहे, एवढंच. आज लिहिते आहे ते एका मुलीमुळे. यंदापासून आमच्या मुख्याध्यापकांनी नववीला आठवड्यातून एक तास मानसशास्त्राची ओळख म्हणून ठेवला आहे. बी.एड.ला मला तो विषय होता, म्हणून तास माझ्याकडे आला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वेड्यांचा विषय पोरांना कशाला. तसं नसतं ते. लक्ष कसं लागतं, माणूस विसरतो का, राग कुठून येतो, असं साधं साधं असतं. सध्या आम्ही निरीक्षणावर आहोत. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे लिहिते ‘दिसलेलं’ आणि उजवीकडे ‘ठरवलेलं’. तो दहा वाजता उठला, हे दिसलेलं. तो आळशी आहे, हे आपण ठरवलेलं. माणसाच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, त्याचं वागणं तेवढं दिसतं, आणि मधली जागा आपण आपल्या मनाने भरून टाकतो. मुलांना हे पटकन कळतं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ आळशी आहे ते आख्ख्या बिल्डिंगला दिसतं, ते डावीकडेच लिहू द्या ना." सगळा वर्ग हसला, मीही हसले.

गेल्या आठवड्यात त्यांना घरचा अभ्यास दिला होता. घरातल्या एका माणसाकडे तीन दिवस नुसतं बघायचं आणि दोन्ही बाजू भरून आणायच्या. आज एकेकाने वाचून दाखवलं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, फार बोलत नाही. तिचे वडील पूर्ण्याला गोदामात माल चढवायच्या कामाला आहेत. तिने वाचलं की पप्पा ड्युटीवरून आले की बराच वेळ बूट काढत नाहीत. टीव्ही लावतात, पण बघत नाहीत. ताटात भाकरी मोडून ठेवतात आणि उठतात. विचारलं तर म्हणतात, कंटाळा आलाय. उजवी बाजू तिने कोरी ठेवली होती. मी म्हटलं, अर्धाच अभ्यास केलास का. ती म्हणाली, "अर्धा नाही मॅडम. मला माहीतच नाही ना अजून. मी त्यांना नीट विचारलंच नाही." ‘बरोबर आहे’ म्हणून मी तिची वही परत दिली. मग फळ्याकडे वळून फळा पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर फार काही नव्हतं.

पुस्तकात यासाठी नैराश्य असा शब्द आहे. खाली लक्षणं दिलेली असतात. झोप बिघडते, भूक जाते, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही. आपल्या घरात हा शब्द कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे एकच शब्द होता. अभ्यासाचा कंटाळा, भांडी घासायचा कंटाळा, आणि तुम्हाला जे होत होतं तोही कंटाळाच. तुमच्याजवळ दुसरा शब्द नव्हता आणि आमच्याजवळ त्याचा दुसरा अर्थ नव्हता.

मी दहावीला होते. तुम्ही कारखान्यात फोल्डिंग खात्यात, विणून आलेलं कापड उजेडावर धरून तपासायला. शाळा लवकर सुटली की मी कधी कधी तुमचा डबा द्यायला यायचे. तुम्ही टेबलावरून कापड ओढताय, मध्येच थांबून खडूची खूण करताय, हे मला अजून दिसतं. एकदा मागावरचा एक कारागीर तावातावाने आला. "चाचा, मेरे ही कपड़े में इतना फॉल्ट निकालते हो, मुझसे दुश्मनी है क्या?" तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "तुझको मैंने कुछ बोला क्या? मैं तो कपड़े को बोला." तो हसला आणि त्याने खिशातून तुम्हाला सुपारी काढून दिली. मी आज फळ्यावर रेघ मारून जे शिकवते ते तुम्ही रोज आठ तास करत होतात. माणसाबद्दल तुम्ही काही ठरवत नव्हतात.

त्याच वर्षी तुमचे खाडे सुरू झाले. सकाळी तुम्ही खाटेवर बसलेले, शर्टाची दोन बटणं लावलेली आणि हात तिसऱ्यावर थांबलेला. आई मोरीत गरम पाणी काढून ठेवायची, ते निवायचं, ती परत तापवायची. दरवर्षी आपण वज्रेश्वरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडात सगळ्यांत आधी तुम्ही उतरायचात आणि मला ओरडून बोलवायचात. त्या वर्षी तुम्ही पायरीवर बसून राहिलात. म्हणालात, जा तुम्ही, मी कपडे सांभाळतो. आत्या येऊन आईला म्हणायची, "त्याला काय झालंय? काय न्हाय. आलस भरलाय अंगात. तुज्यासारखी बायको हाय ना पुढं पुढं करनारी." तुम्ही ऐकत असायचात. आई कामावर जाण्याबद्दल विचारायची तेव्हा तुम्ही तेवढंच म्हणायचात, कंटाळा येतो गं.

माझी परीक्षा जवळ आली होती. त्या सकाळी आई तिसऱ्यांदा पाणी तापवायला उठली आणि तुम्ही परत तेच म्हणालात. मी पुस्तक खाली ठेवलं. म्हटलं, "बाबा, तुम्हाला एकट्यालाच कंटाळा येतो का? आम्हाला येत नाही?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागावला नाहीत. उठलात, आंघोळ केलीत, डबा घेतलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशीही गेलात. त्यानंतर तुमचा खाडा झाला नाही. आत्या मला म्हणाली, पोरी, तू बापाला सरल केलास. आई ती गोष्ट अजून सांगते, कोणी पाहुणे आले की सांगते, हिच्या एका वाक्याने माणूस कामाला लागला. मीही वर्षानुवर्षं खाली मान घालून हसत ऐकली आहे. तुम्ही तो शब्द परत काढला नाहीत, म्हणजे ते गेलं, असं आम्ही धरून चाललो. शर्टाची बटणं तुम्ही आता पूर्ण लावत होतात. कुंडात मात्र तुम्ही परत कधी उतरला नाहीत, आणि त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

मग नऊ वर्षांनी, कामावर छातीत दुखून पडलात. दवाखान्यात डॉक्टरांनी किती दिवस दुखत होतं ते विचारलं. तुम्ही म्हणालात, आठवडा झाला असेल. आई रडत म्हणाली, अहो, मग बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, "बोलून काय? कामावर जायचं तर होतंच." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी मुलांना सांगते की एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. ते खरंच आहे, पुस्तकातही तसंच आहे. पण त्या मुलीचे शब्द ऐकल्यापासून मला ते वाक्य स्वतःला सांगता येत नाही. ती चौदा वर्षांची आहे. मी पंधराची होते.

मघाशी एक कोरं पान घेऊन मधोमध रेघ मारली आणि तुमच्याबद्दल लिहायला लागले. बटणं लिहिली, निवलेलं पाणी लिहिलं, वज्रेश्वरीची पायरी लिहिली. उजवीकडे आळशी लिहिलं आणि खोडलं. अबोल लिहिलं, कारण तुमचा स्वभाव कसा होता असं कोणी विचारलं की मी तेच सांगते. तेही खोडलं. एक गोष्ट मात्र मी डावीकडे लिहिली नाही. ती इथे लिहिते, कारण हे पत्र कुठे जाणार नाही. मी तुम्हाला बोलले त्याच्या आदल्या दिवशी शाळेतून आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही मोरीच्या कट्ट्यावर बसून टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होतात. तुमचे खांदे हलत होते. मी चपला हातात घेऊन तशीच बाहेर गेले, खाली बराच वेळ उभी राहिले, आणि मग जिन्यावर मुद्दाम पाय वाजवत वर आले. तुम्ही म्हणालात, सर्दी झालीये. मी बरं म्हटलं. मला कळलं नव्हतं असं मी आजपर्यंत स्वतःलाही सांगत आले. बाबा, मला दिसलं होतं.

आई उद्या दुपारच्या एसटीने येईल. तिला मी यातलं सांगेन की नाही, माहीत नाही. वालांना चांगले मोड आले आहेत. कोमट पाण्यात घातले आहेत, आता सोलायला बसते.