नऊ दिवे फुसाएचे, बावीस मित्सुयोचे

मी, नामिकावा तेत्सुजी, वय एकोणऐंशी, अग्निशमन दलाचा निवृत्त जवान, राहणार ओतारू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. गुडघा नाही, पण लिहिण्यास तो लागत नाही. कोणाचाही दबाव नाही. पत्नी बाजारात गेली आहे.

कलम १. राहते घर सामानासह पत्नी फुसाए हिचे. तिच्या पश्चात मुलगी चिनात्सु हिचे.

कलम २. बॅटरीवरचे नऊ दिवे फुसाएचेच. त्यांची हकीकत नोंदवणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी फुसाएला जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावण्याची हौस होती. एका संध्याकाळी ती विणता विणता पेंगली आणि तिच्या बाहीची लोकर धुमसू लागली. मी ती तळहाताने दाबून विझवली. तिला जाग आली नाही. हात किटलीने भाजला, असे मी सांगितले, आणि बाही उंदरांच्या नावावर घातली. ती घाबरली असती. दुसऱ्या दिवशी मी घरात मेणबत्तीवर बंदी घातली, सगळ्या मेणबत्त्या टाकून बॅटरीवरचे एकतीस पांढरे दिवे आणले आणि छतापासून कपाटापर्यंत चिकटवले.

फुसाए म्हणाली, "अहो, हे घर आहे की मासळीबाजार? तुमचं तोंड बांगड्यासारखं दिसतंय."

मी म्हणालो, "चार दिवसांत सवय होईल."

चौथ्या दिवशी ती हाकोदातेला बहिणीकडे, मित्सुयोकडे, गेली. अख्खा हिवाळा आली नाही.

प्रथम मला वाटले, दिवे कमी पडले. म्हणून छतावरचे आणखी जवळजवळ लावले. घर शवागारासारखे दिसू लागले. मग एक दिवा सुटून लाकडी कपाटामागे पडला. गुडघ्यामुळे मी तो काढला नाही. त्या दिवशी अंधार पडल्यावर कपाटामागची भिंत मधासारखी दिसली, आणि मी माझा वाडगा घेऊन तिथेच जमिनीवर जेवायला बसलो.

त्यानंतर छतावरचे सगळे उतरवले. दिवा खाली ठेवायचा, भिंतीकडे तोंड करून, कशाच्या तरी आड. वर भाजक्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद. जिथे जास्त लाली हवी तिथे कांद्याच्या सालींचे पाणी. हे दिवे तापत नाहीत म्हणून कागद चालतो. खऱ्या ज्योतीवर हा प्रयोग करणाऱ्याला मी मेल्यावरही सोडणार नाही. शेवटी नऊच पुरले.

चिनात्सुकडून हे मित्सुयोला कळले. म्हातारा दिव्यांना कपडे घालतोय, असे तिने हाकोदातेभर सांगितले.

एप्रिलमध्ये फुसाए उन्हाळी कपडे न्यायला आली. दारातच तिचा चेहरा उतरला.

"मला बंदी, आणि स्वतः मेणबत्त्या लावून बसलात?"

मी तिच्या हातात एक दिवा दिला. तिने कागद हुंगला. "चहा," म्हणाली. मग प्रत्येक दिव्याजवळ जाऊन वाकून पाहिले, एक वीतभर सरकवला, आणि कोट काढला. कपडे न्यायचे राहिले ते राहिलेच.

नियम: वापर नसेल तेव्हा बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, नाहीतर त्या पाझरतात. कागद दर वसंतात बदलावा. मी मेलो म्हणून मेणबत्तीवरची बंदी उठत नाही.

कलम ३. उरलेले बावीस पांढरे दिवे मेहुणी मित्सुयो हिला द्यावेत, उघडेच, कपड्यांविना. कोठीघरात छान चालतील. तिने त्या हिवाळ्यात फुसाएला सांभाळले आणि मला मुळ्याचे लोणचे पाठवत राहिली, हेही इथे नमूद करतो. लोणचे खारट होते.

कलम ४. कागद कापायचा चाकू आणि दलाचे शिरस्त्राण चिनात्सुला.

कलम ५. माझा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवाल तेव्हा दिवा त्याच्या समोर नको, बाजूला आणि खाली असावा. बांगडा म्हणून मला पूर्वजांत बसायचे नाही.

कलम ६. फुसाए माझ्याआधी गेल्यास वरील सर्व रद्द, सगळे चिनात्सुचे. त्या प्रसंगी नऊ दिवे लावायला मला नऊ वेळा वाकायला सांगू नये. एक दिवा पुरेल.

साक्षीदार:
ओगासावारा एइकिची, टोफूवाले, शेजारी (सही)
सुगावारा तोमेको, न्हावीण (सही. चष्मा आणून दोनदा वाचले. बाहीच्या उंदरांचे मला आधीच ठाऊक होते, फुसाएलाही आहे.)

नामिकावा तेत्सुजी (सही व शिक्का)
ओतारू, १८ नोव्हेंबर, रेइवा सातवे वर्ष (२०२५)