रमीच्या हातची माझी सही

११ जाने., रविवार. धुळे
सकाळी नाना आले. धरणगावहून, दोन गाड्या बदलून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. शाळेत क्लार्क होते, आता खेळाडूंच्या सह्या हाच उद्योग. कापडी पिशवीत तीन अल्बम. आठवडाभर फोनवर मागे लागले होते. त्यांची रीत अशी की प्रत्येकाची सही दोनदा घ्यायची, एक ऐन भरातली आणि एक खेळ सुटल्यावर. एकाच कार्डावर, वर-खाली.

"ताई, तुमची वरची शे माझ्याकडे. खालची राहिली."

कार्ड काढलं. कडा पिवळ्या. वर 'मंजूषा', शेवटच्या कान्याला लांब शेपटी. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी पोस्टाने पाठवलं होतं, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट.

ती सही माझी नाही. रमीने केलेली आहे.

बोलले नाही. मनगट दुखतंय अशी थाप मारली. बिचारे म्हणाले, राहू द्या कार्ड तुमच्यापाशी. कार्ड कधी कुणाच्या हातात देत नाहीत म्हणे. २५ला जळगावात प्रदर्शन, उद्घाटन मीच करायचं. जाताना जिन्यात सांगून गेले, "माझ्याकडे एकही खोटी सही नाही. एका क्रिकेटवाल्याने रबरी शिक्का मारून पाठवला, चुलीत घातला."



१२ जाने., सोमवार
लिहून टाकते. आजवर कुठेच लिहिलं नाही.

रमी म्हणजे रमिला. शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरची. आश्रमशाळेच्या स्पर्धेत आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या सरांनी तिला कोलांट्या मारताना पाहिलं आणि उचलून जळगावला आणलं. आमच्याच घरी राहिली चार वर्षं. आमच्या आईच्या हाताखाली भाकरीही शिकली आणि अहिराणीही. एका गादीवर झोपायचो.

मला बीमवर राष्ट्रीय सुवर्ण मिळालं, पेपरात फोटो आला, आणि पोस्टाने कार्डांचा पाऊस. सह्या द्या. माझे तळवे बारवर सोलवटलेले, हे खरं. पण त्याहून जास्त कंटाळा आणि माज. रमीचं अक्षर सुंदर. म्हटलं, तू कर गं. रोज शाळेतून आली की वीस-पंचवीस करायची. दोन महिन्यांत तिची 'मंजूषा' माझ्यापेक्षा झोकदार झाली. नाना, तुमचं कार्ड त्याच ढिगातलं.

पुढचं लिहिवत नाही आज.

१३ जाने.
पुढचं.

राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी. जागा दोनच, मुली बऱ्याच; आशा आम्हा दोघींनाही. सकाळी हजेरीचा कागद, आपापल्या नावापुढे सही. रमी आधी पोचली. सवयीने हात चालला असणार. 'रमिला' छापलेल्या ओळीत तिने 'मंजूषा' केलं, शेपटीसकट. स्वतःची सही करायची वेळ त्या पोरीवर यायचीच कुठे!

मी मागून गेले, कागद पाहिला आणि हसूच आलं. तिला सांगायचं ठरवलं, आधी माझी सही केली. तेवढ्यात निवड समितीच्या साहेबांनी कागद उचलला. मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं. "हिच्या नावापुढे तुझी सही कशी? कुणी केली?"

एका वाक्याचं काम होतं. साहेब, ती माझ्या कार्डांवर सह्या करते, सवयीने झालं.

पण मग कार्डांचं बाहेर आलं असतं. आणि दुसरं. त्या महिन्यात बीमवर रमी माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "माहीत नाही, साहेब."

जीभ झडली नाही.

खोटी सही, शिस्तभंग, चाचणी रद्द. रमी तिथे नुसती रडली, कार्डांबद्दल चकार शब्द काढला नाही. मला सांभाळलं तिने. आठवड्यात गावी गेली ती गेलीच. मी पुढे आणखी तीन सुवर्णं आणली, नोकरी लागली, इथे कॉलेजात क्रीडा संचालक. भाषणात म्हणते, खेळ प्रामाणिकपणा शिकवतो.

१४ जाने., संक्रांत
आईला फोन. इकडचं-तिकडचं झाल्यावर रमीचा पत्ता विचारला.  आई म्हणाली, "तिना गावमाच शे. अंगणवाडी चालाडस. मी दर सक्रांतले फोन करस तिले. तू कधी इचारं नही."

तिळगूळ हातात तसाच राहिला.

१७ जाने., शनिवार
गेले. शिरपूरपर्यंत एस्टी, पुढे काळीपिवळी जीप, पुढे पायी. रस्ताभर वाक्य जुळवत होते.

अंगणवाडीच्या ओट्यावर रमी रजिस्टर भरत होती. अंगाने भरली आहे, चष्मा लागला. मला ओळखलं लगेच. "मंजू! आवढी वाळी गयी व तू!" मिठीच मारली. पोरांना ओळीने बसवून सांगितलं, ही माझी बहीण, हिला सोन्याची मेडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

चहा झाला. आता बोलू म्हणून तोंड उघडलं तर तीच बोलली. "एक बात मन्हा मनमा राही गयी. त्या दिनले मी तुनी सही करी टाकी. मन्हामुळे तुले बी बोलणं खानं पडनं व्हई ना? सरवर बी नाव उनं. मी माफी बी मांगी नही, तशीच पळी उनी."

अठरा वर्षं ती माझी माफी मागायची म्हणून बसली आहे. साहेबांनी मला विचारलं होतं, हे तिला माहीतच नाही. तिला वाटतं सगळी चूक तिची.

आणि मी काय केलं? म्हणाले, "जाऊ दे गं, जुनं झालं."

माफ केलं तिला! मी!  

२० जाने.
कॉलेजात मस्टरवर एका मुलीने मैत्रिणीची सही ठोकली. सगळ्यांसमोर झापायला लागले, "लाज वाटत नाही, दुसऱ्याच्या नावाची..." तिथेच अडकले. मुली वाट बघत राहिल्या. शिट्टी वाजवून वॉर्मअपला पाठवलं.

२२ जाने., गुरुवार. धरणगाव
रजा टाकून नानांकडे. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. सगळं सांगितलं. कार्डांचं, चाचणीचं, गेल्या शनिवारचंसुद्धा. वाटलं, चुलीत घालतील कार्ड. घातलं असतं तर सुटले असते.

नानांनी चष्मा पुसला. 

"ती पोर चांगली खेळायची?"

"माझ्यापेक्षा बरी."

"तिची स्वतःच्या नावाची सही कुणी मागितली कधी?"

मी मान हलवली. नाही.

"मग खालची सही तिची आणा. तिच्या नावाची. आणि आणायच्या आधी तिला खरं सांगा. फसवून आणलेली सही मी घेत नाही."

"उद्घाटन?"

"ते बघू." नजर माझ्याकडे नव्हती. 'ताई' म्हणाले नाहीत एकदाही. अक्का दारापर्यंत आल्या, नाना उठले नाहीत.

२४ जाने., शनिवार. शिरपूर स्टँड
धुळ्याच्या गाडीला अजून वेळ आहे. बाकावर बसून लिहिते.

सांगितलं. आज जुळवाजुळव न करता, ओट्यावर चढता चढताच. "रमी, त्या दिवशी साहेबांनी आधी मला विचारलं होतं. मला माहीत होतं. मी माहीत नाही म्हणाले."

तिने पेनाला टोपण लावलं.

"तुले इचारं व्हतं?"

"हो."

"मी रडी राहिंती तवय?"

"त्याच्या आधी."

कार्ड रजिस्टरवर ठेवलं, नानांचा निरोप सांगितला. स्वतःच्याच कानाला ते भयंकर लागलं. एवढं सगळं सांगून वर सही मागतेय.

ती उठली. "पोरेस्नी खिचडी उतारनी शे," म्हणून आत गेली. पोरं जेवली. भांडी घासल्याचा आवाज आला. मी ओट्यावर तासभर बसून. मला कुणी ताट आणलं नाही, चहासुद्धा विचारला नाही. बरोबरच आहे.

शेवटी ती बाहेर आली. रजिस्टर उचललं, कार्डासकट काखेत धरलं, अंगणवाडीला कुलूप लावलं. म्हणाली, "शेवटली गाडी चार वाजता शे. निंघ."

एवढंच. मागे वळून पाहिलं नाही.

नानांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. उद्या प्रदर्शन. कार्ड तिच्याकडे राहिलं. परत मागायला तोंड नव्हतं.