बादलीतलं कोमट पाणी

गोठ्यावरून, विस्कॉन्सिन
३ ऑक्टोबर १९९४

चि. सिग्नी हीस, आईचे अ. आ.

त्या सकाळी मी दूध गाळायची फडकी उकळून दोरीवर टाकली होती, तीन वासरांना बाटलीने पाजलं होतं आणि कोंबड्यांचं पाणी बदलत होते. कुरणावर धुकं इतकं खाली बसलं होतं की गायींचे पाय दिसत नव्हते. नुसत्या पाठी तरंगत गोठ्याकडे येत होत्या. तुझे बाबा दारात उभे राहून म्हणाले, मर्ना, आज गायी पोहत येताहेत. मग आम्ही दोघं बघत राहिलो. झालं. वर्गासाठी बाबा असतानाची एक साधी सकाळ लिहून पाठव म्हणालीस, ती ही. यात गोष्ट कुठे आहे ते तूच शोध.

काल टपालवाल्या ऑर्विलने विचारलं, पोरगी गायींचं शास्त्र शिकायला गेली ना, मग हा लेखनाचा जोडविषय कशाला? मी म्हटलं, गोठ्यामागे तो आंबट देठांचा रुबार्ब उगवतो, तसा. शेत मक्याचं, पण भट्टीत गोड ‘पाय’ भाजायची वेळ आली की सगळे त्याच्याकडेच जातात. तो म्हणाला, मग या वर्षीचा ‘पाय’ मला अजून का नाही मिळाला?

फिरत्या ग्रंथालयातून आणलेलं जाड पुस्तक संपत आलंय. शेवट जवळ आला की मी दिवसाला चारच पानं वाचते. बाबांना याचं हसू यायचं.

गरम मोजे घालत जा. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

---

वसतिगृह
१२ ऑक्टोबर

ती. आईस, सिग्नीचा सा. न.

तुझी धुक्याची सकाळ गोष्टीच्या सुरुवातीला जशीच्या तशी घातली. पुढे मात्र मी दुसरी सकाळ लिहिली, बाबा गोठ्यात कोसळले आणि गेले ती. तुला न विचारता. आधी त्याची माफी मागते. प्रत सोबत पाठवते आहे.

आमच्या वर्गात एक रीत आहे. जिच्या लेखनावर चर्चा चाललीय तिने बोलायचं नाही. चौदा जण टेबलाभोवती बसतात, ती तिथेच असते, पण नसल्यासारखी. काल माझी पाळी होती. धुकं सगळ्यांना आवडलं. मग ते गोष्टीतल्या आईकडे वळले. नवऱ्याला दवाखान्याची गाडी घेऊन जाते आणि ही बाई परत जाऊन उरलेल्या अकरा गायींची धार काढते, हे कुणाला पटेना. शिकागोची एक मुलगी म्हणाली, "ही बाई दगड आहे." दुसरा म्हणाला, अशी बाई कागदावरच असते. मी वहीवर गायी काढत बसले. शेवटी लेखिकेला बोलायला देतात, तेव्हा मी फक्त आभार मानले.

आई, रीत नसती तरी मी काय बोलणार होते? गायी थांबत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी सोळाव्या वर्षी वरच्या खिडकीत उभं राहून धारेच्या यंत्राचा तो आवाज ऐकताना मीही तोच ‘दगड’ शब्द मनात म्हटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनमध्ये कॉफीचे दोन उष्टे कप दिसले. वाटलं, इतक्यात हिच्याकडे कॉफीला कोण येऊन गेलं? तीन वर्षं विचारलं नाही.

आमचा वर्ग घेणाऱ्या हॅलरनबाई म्हणतात, गोष्टीला शेवट नाही; त्या बाईने दुसऱ्या दिवशी काय केलं? मला माहीत नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत जोडविषय सोडता येतो. अर्ज भरून ठेवलाय. जिला आपली आईच कळली नाही तिने काय लिहायचं?

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
सिग्नी

---

गोठ्यावरून
१५ ऑक्टोबर

चि. सिग्नी हीस, अ. आ.

गोष्ट स्वयंपाकघरात बसून वाचली. तुमच्या वर्गाची रीत पाळली, मधे एक शब्द बोलले नाही. ऐकायला मांजरच होतं. आता बोलते.

शिकागोच्या मुलीवर रागावू नकोस. तू गोष्ट खिडकीतून लिहिलीस, तिला खिडकीतून दिसलं तेवढंच दिसलं. आत काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. ती चूक माझी.

बाबा पडले तेव्हा पर्लची कास धुऊन झाली होती. गाडी आली, लाइलकाका त्यांच्याबरोबर गेले. मलाही चल म्हणाले, पण आता तिथे घाई कुणालाच नव्हती. मी गोठ्यात परतले. पर्लची कास अजून ओली होती. बादलीत हात घातला तर बाबांनी आणलेलं पाणी कोमट होतं. तेवढं मला ओतून देववेना. त्याच पाण्यात फडकं बुडवून मी अकरा गायी केल्या, पुरवून पुरवून. शेवटच्या गायीला ते गार झालं होतं. प्रत्येकीच्या कुशीला कपाळ टेकलं. गायीचं अंग उबदार असतं, आणि यंत्राच्या आवाजात माणसाचा आवाज बाहेर जात नाही. तू वर एकटी होतीस आणि मी तुझ्याआधी गायींकडे गेले, हे मात्र खरं आहे. ते गोष्टीतून काढू नकोस.

अर्ज दिला नसशील तर इकडे पाठव. थंडी सुरू झालीय, शेगडी पेटवायला कागद लागतो. आणि गोष्ट पुन्हा लिही, या वेळी गोठ्यात येऊन.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बटाट्याच्या पातळ पोळ्या, आपल्या लेफ्से, करू. तू लाट, मी भाजते. तुझ्या हातून करपतात. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
आई

ता. क. हॅलरनबाईंना शेवट हवा आहे ना? कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सवयीने कॉफी दोघांची झाली. मी दोन कप भरले. माझा माझ्या खुर्चीत बसून प्याले, मग उठून त्यांचा त्यांच्या खुर्चीत बसून.