जो आमकां तरास देता

५ जानेवारी २००४, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प: दहावी अ चं इंग्रजी हातचं जाऊ द्यायचं नाही. आज चहा पिताना हेडमास्तर सहज म्हणाले, अ आणि ब दोन्ही तुकड्या एकाच शिक्षकाकडे दिल्या तर? सहज कोणी असं बोलत नाही. ब तुकडी सबीनाबाईंकडे आहे. कान कोणी फुंकले ते उघड आहे.

६ जानेवारी
रिलेटिव्ह क्लॉज घेतला. हू, विच, दॅट, हूज. व्याख्या तीनदा लिहून घेतली. मग फळ्यावर माझं स्वतःचं वाक्य: सात क्लॉज, चौसष्ट शब्द. वर्ग चिडीचूप. अशी शांतता सबीनाबाईंच्या वर्गात कधी ऐकली नाही.

८ जानेवारी, सकाळी ७.४०
लवकर आलो. नजर ठेवायला. लवू शिपाई म्हणाला, बाई सातला जादा तास घेतात, ज्याला यायचं त्याने यावं. माझ्या अ मधली एकोणीस मुलं आत! माझ्या नोट्स फुटत असणार. आधी का सांगितलं नाहीस, म्हटलं. तर म्हणतो, "तुम्ही कधी इचारलासच नाय." हाही त्यांच्यातलाच.

९ जानेवारी, सकाळी ७.१५
खिडकीखाली उभा होतो. व्यायाम म्हणून. आतून सबीनाबाईंचा आवाज, देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात अगदी तसा: "बा देवा म्हाराजा, जो आमकां रोज तरास देता, तेका दर्यापलीकडे न्हेवन सोड म्हाराजा!" आणि सगळी पोरं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"
 इंग्रजीच्या तासाला माझ्यावर गाऱ्हाणं! शिवाय बाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त.

त्याच दिवशी, दुपारी
लवू देवळात गाऱ्हाणं घालतो. त्याला नारळ दिला आणि उलटं गाऱ्हाणं घालायला सांगितलं. कोणावर, म्हणाला. पुरावा नसताना नाव कसं घेऊ? तो म्हणाला, "जो कोण म्हटला तरी देवाक कळता." अर्धा नारळ घरी घेऊन गेला.

१० जानेवारी, शनिवार
हेडमास्तरांकडे लेखी तक्रार. इंग्रजीत, म्हणजे वजन पडतं. त्यांनी दोन ठिकाणी अर्थ विचारला. मग बाईंना बोलावलं. बाई हसल्या. म्हणे, गाऱ्हाण्यात जो कोण, जी कोण, तेका असंच असतं, म्हणजे रिलेटिव्ह क्लॉजच, आणि ते मुलांना तोंडपाठ. म्हणून आधी गाऱ्हाणं घालायचं, मग तेच इंग्रजीत लिहायचं. कालचा तो 'जो' म्हणजे भूमितीचा पेपर.
एवढी जुळवाजुळव करून आल्या होत्या. मी पुरावा म्हणून जादा तासाच्या सगळ्या वह्या मागितल्या. लगेच दिल्या. लगेच दिल्या हेच संशयास्पद.

११ जानेवारी, रविवार
वह्या वाचल्या. दोनदा. माझ्या अ मधल्या अक्षदाचे वडील, जे होडी घेऊन गेले की आई जेवत नाही, ते सुखरूप येऊ देत. शिरोड्याची एसटी, जी कायम मुलांना टाकून पुढे जाते, तिला बुद्धी दे. लवूकाका, जे सुटीची घंटा दोन मिनिटं आधी देतात, त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो. सगळं इंग्रजीत, हू आणि विच जिथल्या तिथे. लाल पेन उघडलं, तसंच बंद केलं.
दत्ताराम हे माझं नाव कुठेच नाही. शिवी नाही, शाप नाही. बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.
खऱ्या वह्या लपवल्या असतील.

१२ जानेवारी, सोमवार
अ तुकडी आजपासून बाईंकडे. हेडमास्तर स्वतः वर्गात सांगायला गेले. मुलं रडली तर आवरायला कोणी हवं, म्हणून मी दाराबाहेर थांबलो. कोणी रडलं नाही. अक्षदाने उभं राहून विचारलं, "पण सर, इंग्रजीक आमकां पयल्यापासून बाईच आसत मां?"