लॅबच्या ग्रुपवरची बडबड

सोमवार, ४ मार्च

आज एकशे एकोणीस मेसेज! रक्त तपासायची लॅब आहे की गप्पांचा अड्डा? सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत सत्तरपर्यंत येते, की खिशात टुंग. पुन्हा एकपासून. फोन बंद ठेवायचीही सोय नाही – डॉक्टरांचा हुकूम, ग्रुपवर काही आलं की दहा मिनिटांत अंगठा टाकायचा. म्हणे त्यानं एकोपा वाढतो. वाढतंय ते माझं ब्लडप्रेशर.

सगळ्यात पुढे आमची चिमणी. नवी टेक्निशियन, येऊन दोन महिने झाले नाहीत. मांजरांचे व्हिडिओ काय, फुलं काय! बोलले तर म्हणते, "ताई, तुम्हीपण टाका ना काहीतरी." धोंडा घालते तुझ्या डोक्यात.

मंगळवार, ५ मार्च

कान किटले. दुसरं काही लिहायची ताकद नाही.

बुधवार, ६ मार्च

व्हायचं तेच झालं. काल दोन नळ्यांची लेबलं अदलाबदल झाली. एका आजोबांना भलत्याच माणसाचा रिपोर्ट गेला, नसलेल्या साखरेवर इन्सुलिन दिलं, आता ते बेशुद्ध आहेत. त्यांची मुलगी काउंटरवर येऊन एकच विचारत होती, "तुम्ही लोक दिवसभर करता तरी काय?" मान वर करवेना.

काल लेबलांच्या टेबलावर आम्ही दोघीच, आलटून पालटून. डॉक्टरांनी विचारलं. तोंडावर सांगितलं – फोन कुणाच्या हातात असतो ते अख्खी लॅब जाणते. चिमणी रडायला लागली. "ताई, अकरानंतर मी खाली रक्त घ्यायला गेले होते हो." रडून आजोबा शुद्धीवर येणार आहेत? डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. बरं झालं.

गुरुवार, ७ मार्च

डॉक्टर म्हणाले, उद्या लेखी द्या. द्यायचं तर पुराव्यासकट! लेबलं छापल्याची वेळ कॉम्प्युटरवर सापडली – अकरा चौदा. त्या मिनिटाला ही बया ग्रुपवर काय करत होती ते बघायला मेसेज चाळत मागे गेले.

अकरा चौदाचा मेसेज माझा. पाच ओळी. कामाच्या वेळी फोन हातात घ्यायची लाज कशी वाटत नाही, वगैरे. टेबलावर तेव्हा मी एकटीच होते.

मेसेज पुसला. सगळ्यांच्या फोनमधून. आता खाली तिचं उत्तर तेवढं उरलंय – "सॉरी, ताई. खाली रक्त घेतेय. फोन ठेवते."