शेगडीतली पावलं

११ जानेवारी

शाई गोठली! दौत शेगडीजवळ ठेवली, पातळ झाल्यावर लिहायला बसले.

रेडिओवर म्हणाले, इतकी थंडी इथे कुणाच्याच आठवणीत नाही. सासूबाई लगेच— "मला कुणी विचारलंय?" पण त्यांनाही आठवत नाही. नदी या काठापासून त्या काठापर्यंत घट्ट. लोक पूल सोडून सरळ तिच्यावरून चालतायत. तारेवरचे पक्षी खाली पडलेत, उचलले तर दगडासारखे. आज पाव करवतीनं कापला. चिमी हसून हसून लोळली.

हे तिकडे जंक्शनवर अडकलेत, रुळांवरचा बर्फ काढायच्या कामावर. वरच्या खोलीतला भाडेकरू, आमचा बूटवाला, बहिणीकडे गेलाय तो अजून आला नाही. जाताना किल्ली माझ्या हातात दिली— "नळ फुटला तर बघा, वहिनी. बाकी काय, घर तुमचंच."

कोळशाची गाडी आजही नाही.

१३ जानेवारी

कोळसा संपला. अंगणातली खोकी गेली, कोंबड्यांचं खुराडं गेलं, झाडूचा दांडासुद्धा गेला. चिमीचे ओठ निळे पडलेत. सासूबाईंचा खोकला थांबत नाही.

दुपारी त्याच म्हणाल्या, "तुझं कपाट आहे की गं."

ऐकू न आल्यासारखं केलं. माहेरचं कपाट. आरसा, वर कोरलेली वेल. आहे काय त्यात? जुन्या चादरी आणि डांबराच्या गोळ्या! तरी हात उचलेना. कुऱ्हाड घेतली आणि जिना चढले.

कुलूप तोडावं लागलं असतं तर कदाचित थांबले असते. पण किल्ली होती ना माझ्याकडे— त्यानंच दिलेली.

त्याचा कामाचा बाक जाळला.

१४ जानेवारी

आज खुर्ची. मग भिंतीवरच्या फळ्या.

१५ जानेवारी

फळ्यांवर जे होतं, ते आज.

ज्यांचे पाय चारचौघांसारखे नाहीत, त्यांचे बूट करतो तो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा हातानं कोरलेला, टाचेवर पेन्सिलीनं नाव. सगळा जन्म घातलाय त्यात. मी एकेक पाऊल पालथं करून शेगडीत टाकत होते— नाव दिसायला नको.

आणि काय जळतात! टणक लाकूड, सावकाश, लालभडक. चिमीच्या गालांवर रंग आला. मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू?

एक साचा सासूबाईंनी लांबूनच ओळखला. अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं.

"तो माझा पाय ना गं?"

"लाकूड आहे, सासूबाई."

बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक म्हणतात म्हातारीचा एक पाय मसणात. घ्या, गेला एकदाचा!" खोकला येईपर्यंत हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "फुकट करून दिले होते हो त्यानं मला बूट." मग माझ्या कपाटाकडे बघितलं. बोलल्या असत्या तर बरं.

१७ जानेवारी

दूधवाला रिकाम्या किटल्या घेऊनच आला, बातमी सांगायला. घाटात आगगाडी बर्फाखाली गाडली गेलीय. खणतायत. "आत कुणी उरलं नसेल म्हणतात. तुमचा बूटवाला त्यातच होता. बहिणीनं स्वतः बसवून दिलं त्याला."

तोंडानं "अरे देवा!" म्हटलं. आत काय म्हटलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार?

सुटले!

एक क्षणभरच. पण आधी तेच आलं. रडू त्याच्या मागून आलं.

१८ जानेवारी

घास उतरत नाही. सासूबाईंना वाटतं दुःखानं.

२१ जानेवारी

हे आले! नाक सोललेलं, मिशीत बर्फ, पाठीवर कोळशाचं पोतं. चिमी गळ्याला लोंबकळली ती सोडेना.

वर जाऊन खोली बघून आले. मला वाटलं आता बोलतील. "बरं केलंस. आई जगली, पोर जगली, बाकी सगळं झूट." मग आवाज खाली आणून— "आणि तो बिचारा तर गेलाच. आता विचारणारं कोण आहे?" जाता जाता कपाटावर थाप मारली. "हे वाचलं, नशीब."

भांडी घासायला गेले. घासलेलीच होती. पुन्हा घासली.

२४ जानेवारी

पोस्टमन आला, लंगडत. त्याचा डावा पाय आखूड. त्या पायातला उंच टाचेचा बूट पार फाटलाय.

"सोन्यासारखा माणूस गेला हो," म्हणाला. "माझा तेवढा साचा द्याल का? दुसरीकडून बूट शिवून घेईन. तसा साचा कोरणारा आता कुणी नाही."

"थंडीनं तडकले सगळे." कसं सरळ आलं तोंडातून! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"लाकूडच ते. तुम्ही तरी काय करणार, वहिनी?"

मलाच धीर देऊन गेला. भिंतीला हात लावत, घसरत, सावरत. वळणापर्यंत बघितलं त्याला.

मग कुऱ्हाड काढली आणि कपाटावर एक घाव घातला. ह्यांनी मनगट धरलं— "वेड लागलंय का तुला? आता कोळसा आहे!"

खरंच की. आता ते जाळून कुणाला ऊब मिळणार होती?

२७ जानेवारी

बूटवाला आला. जिवंत! बर्फातून खणून काढला म्हणे.

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं— "मी जाळलं. माझं कपाट ठेवलं आणि तुमचं सगळं जाळलं." तो वर गेला. मीही मागोमाग गेले. बसायला काही नव्हतंच, जमिनीवर बसला. भिंतींकडे बघितलंसुद्धा नाही. अंगात भला मोठा कोट, बाह्या बोटांवर आलेल्या.

"हा माझा नाही, वहिनी. गाडीत शेजारी एक म्हातारा होता. त्याच्या अंगावरून काढून घेतला मी."

"ते गेल्यावर?"

त्यानं मान हलवली. नाही.