गुडघे दुखत नव्हते

१२ जुलै
चि. नातीस, आजीचे आशीर्वाद. वि. वि.
तू होडीत बसलीस आणि वारा लगेच शहाण्यासारखा वागायला लागला. मेल्याला नऊ दिवस काय झालं होतं! माझ्या छपराचे दोन पत्रे उडून शेजारणीच्या खुराड्यावर पडले. कोंबड्या गप्प झाल्या, शेजारीण अजून ओरडते आहे. तुझे मोजे चुलीवर वाळत घातले होते, एक जळाला. नोकरीवर रुजू झालीस का, तेवढं कळव.
तुझी आजी

२० जुलै
ती. आजीस, सा. न. वि. वि.
नोकरी गेली. मी दहा-अकरा दिवस उशिरा पोचले, दवाखान्यातली जागा दुसरीला दिली. साहेब म्हणाले, वादळ शनिवारी आलं, मग गुरुवारच्या होडीने का आली नाहीस? मी सांगितलं, माझ्या आजीचे गुडघे दुखत होते, आणि त्या गुडघ्यांना विचारल्याशिवाय बेटावरचा होडीवाला दोर सोडत नाही. सगळे हसले. मी भांडले. म्हटलं, तीस वर्षांत वादळ ओळखायला ते गुडघे चुकलेले नाहीत. तू जिवाला लावून घेऊ नकोस.
तुझी नात

२७ जुलै
चि. नातीस, आशीर्वाद.
तू माझ्यासाठी चार लोकांत भांडलीस, ते वाचून ताट तसंच झाकून ठेवलं. ऐक. त्या गुरुवारी माझे गुडघे दुखत नव्हते. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडला होता. होडीवाल्याने विचारलं आणि मी पाय धरून कण्हले. पावसाचे चार महिने मी भिंतींशी बोलते. वाटलं, पोर दोन दिवस जास्त राहील, शनिवारच्या होडीने जाईल, कुणाचं काय बिघडतंय? शनिवारी वाऱ्याने थोबाडीत दिली. तू गळक्या छपराखाली बादल्या लावत रडवेली फिरत होतीस आणि मी आतून सुखात होते. तेही लिहून टाकते.

होडीवाल्यालाही सांगितलं. त्याने दोर गुंडाळला आणि होडीकडे चालू लागला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे पत्र साहेबांना दाखव. म्हणावं, मुलगी पिशवी भरून धक्क्यावर उभी होती, म्हातारीने अडवली. माझं अक्षर त्यांना लागलं नाही तर तू वाचून दाखव, पण माझी बाजू घेऊन वाचू नकोस. जागा भरली असेल तर भरली. खोटी तू नव्हतीस, एवढं त्यांच्या कानावर जाऊ दे.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. रागावून लिही, पण लिही.
आजी